पूर्णपणे समाधानी

पीएच.डी. मनुष्यबळ व्यवस्थापनातली; पण मार्गदर्शक सरांच्या खोलीबाहेर बाकावर ताटकळणाऱ्या मनुष्याची दखल घ्यायची तिथे पद्धत नव्हती. पंख्यांच्या कारखान्यात ती मनुष्यबळ विभागाची प्रमुख, सगळ्यांची मॅडम. इथे मात्र ती सरांच्या पुस्तकाची प्रुफं तपासायची, त्यांच्या सुनेचा बायोडेटा लिहून द्यायची आणि पुन्हा मुकाट्याने बाकावर येऊन बसायची. महिनाअखेर नोंदणीची मुदत संपत होती. त्याआधी प्रबंधावर सरांची सही झाली नाही, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. घरी सासूबाई रोज विचारायच्या, "झालं का गं तुझं ते?" त्या 'ते'चा तिला आताशा भयंकर राग यायचा.

अखेर सरांनी प्रबंध उघडला आणि कपाळाला हात लावला.

"कामगारांचं समाधान मोजायला निघालात, आणि एकजात सगळे 'पूर्णपणे समाधानी'? कारखाना आहे की स्वर्ग? पुन्हा सर्वेक्षण करा."

पुन्हा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सरांशी भांडायची सोय नव्हती, म्हणून ती भरलेल्या प्रश्नावल्या घेऊन तरातरा कारखान्यात गेली आणि तिने मोटारींना तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंग विभागाच्या फोरमनला गाठलं. या विभागातला पंखा कित्येक महिने बंद होता. पंख्यांच्या कारखान्यात!

"काका, इथे घामाच्या धारा लागल्यात, आणि 'हवा खेळती आहे' याच्यापुढे सगळ्यांनी डोळे झाकून खुणा केल्यात? माझी थट्टा चाललीय का?"

फोरमनकाका ओशाळले. "मॅडम, कागद तुम्ही दिलात. हजेरीपटाप्रमाणे एकेकाला बोलावून तुमच्याच टेबलावर परत घेतलात. बदलीची ऑर्डर पण त्याच टेबलावरून निघते."

"अहो, पण नाव लिहायचं नव्हतं ना!"

"तुम्ही समोर बसून बघत होतात की!"

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एकही प्रश्नावली गहाळ होऊ नये म्हणून तिने केवढी शिस्त लावली होती! आणि त्या शिस्तीनेच घात केला होता.

मग तिने कोऱ्या प्रश्नावल्या वाटल्या, विभागाच्या दारापाशी कुलूपबंद पेटी ठेवली आणि दिवसभर तिकडे फिरकलीसुद्धा नाही. पेटी उघडली, तर तक्रारींचा नुसता पाऊस. बंद पंखा होता, जेवणाची अपुरी सुट्टी होती, आणि एकाने शेवटी लिहिलं होतं, 'मॅडमच्या केबिनबाहेर उभं राहून पाय मोडतात. आत गेलं की म्हणतात, उद्या या.' ते वाचून तिला आधी राग आला, मग फार लाज वाटली. सगळी रजा संपवून तिने आकडे नव्याने मांडले, प्रकरणं पुन्हा लिहिली आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाकावर येऊन बसली.

संध्याकाळी सरांनी आत बोलावलं. प्रबंध चाळून ते खूश झाले. "आता कसं खरं बोललेत लोक!" त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करत एक कागद पुढे सरकवला. "विद्यार्थ्यांचं मार्गदर्शकाबद्दलचं मत. विद्यापीठाला हवं असतं. इथेच भरा, मी पाठवतो."

मार्गदर्शक पुरेसा वेळ देतात का? खासगी कामं सांगत नाहीत ना? विद्यार्थ्याला सन्मानाने वागवतात का? प्रत्येक प्रश्नासरशी तिच्या डोक्यात संतापाची सणक उठत होती. इतक्या वर्षांचं सगळं ओकून टाकायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

तिने मान वर केली. सर समोर बसून बघत होते. प्रबंध त्यांच्या हाताखाली होता, सहीची जागा कोरी होती.

तिने वरपासून खालपर्यंत भराभर खुणा केल्या आणि कागद त्यांच्याच टेबलावर परत ठेवला. सरांनी त्यावरून नजर फिरवली, समाधानाने मान डोलावली आणि प्रबंधावर सही ठोकली.

"इतकं मनापासून लिहिणारी विद्यार्थिनी मिळायला नशीब लागतं," ते म्हणाले.

"हो, सर," ती म्हणाली.