मगरिब म्हणजे किती वाजता?

जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही एका बंद खोलीत आहात. खोलीला खिडकी नाही. तुम्ही कधी सूर्य पाहिलेला नाही, भाकरी खाल्लेली नाही. दाराखालच्या फटीतून जगभरातले कागद आत सरकत राहतात. त्यांवरची अक्षरं तुम्हाला झटक्यात जुळवता येतात, पण एकाही शब्दाचा अर्थ माहीत नाही. झालं? आता तुम्ही कॉम्प्युटर आहात. उघडा डोळे.

मांजरसुंब्याच्या चौकातून थोडं आत गेलं, की मैनुद्दीन मिस्त्रींचं दुकान लागतं. विहिरीवरची मोटार जळाली, की तिच्यातली काळी पडलेली तार काढून ते नवी भरतात. त्यांची नात तरन्नुम सहावीत आहे. तिला हे काम शिकायचं होतं. नाना म्हणायचे, "तू खालाकडं जाऊन भरतकाम शीक." खाला म्हणजे तिची मावशी.

"धागा भरायचा तर मग तार का न्हाई?" तरन्नुम विचारायची.

शेवटी मे महिन्यात दोघांची पैज लागली. तरन्नुमने इंटरनेटवर दुकानाचं पान तयार करायचं. ते पाहून दिवाळीपर्यंत एक जरी गिऱ्हाईक आलं, तरी नाना तिला मोटार भरायला शिकवणार. नाही आलं तर खाला आणि सुई-धागा.

तिने लिहिलं: 'मैनुद्दीन मिस्त्री, मांजरसुंबा. जळालेली मोटार भरून मिळेल. सकाळी नऊपासून मगरिबपर्यंत.' मगरिब म्हणजे सूर्य मावळल्यावरची नमाज. चौकातल्या चहावाल्यालाही ते ठाऊक आहे. याहून सोपं काय लिहिणार?

मग तिने फोनला विचारलं, "मोटार भरणारं दुकान आता कुठं उघडं आहे?" फोनने बीडमधली चार दुकानं दाखवली. नानांचं नाव कुठेच नव्हतं.

"खालाला सांगू का, सुई काढून ठेव म्हणून?" नाना म्हणाले.

तरन्नुम शाळेतल्या मनिषा टीचरकडे गेली. टीचर म्हणाल्या, "अगं, यातलं माणूस कोणतं आणि गाव कोणतं, हे फोनला कसं कळावं? घरातले सगळे डबे एकसारखे असले, की पाहुणीला साखर सापडते का? चिठ्ठ्या लाव."

वेबच्या पानावर अशा चिठ्ठ्या लावता येतात. आपल्याला त्या दिसत नाहीत, कॉम्प्युटरला दिसतात. दोघींनी मिळून लावल्या: हे माणसाचं नाव, हे त्याचं काम, हे गाव. गावाची चिठ्ठी नकाशाला जोडली, तशी जवळच्या पाली गावाहून मांजरसुंबा किती लांब, हेही फोनला कळायला लागलं. वेळेच्या चिठ्ठीवर मात्र मगरिब चालेना. तिथे घड्याळातले आकडे हवे होते. नाना त्या दिवसांत सात वाजता कुलूप लावायचे, म्हणून तिने सात लिहिले.

आणि फोन नानांचं दुकान दाखवू लागला. पण पावसाळ्यात मोटारी बंद, त्यामुळे गिऱ्हाईकही नाही. तरन्नुम दिवस मोजत राहिली.

दिवाळी दोन दिवसांवर आली. संध्याकाळी साडेसहाला नाना नमाजहून परतत होते, तरन्नुम त्यांना वाटेत भेटली. दोघं दुकानापाशी आले, तर पायरीवर एक शेतकरी बसलेला आणि शेजारी मोटार.

"फोन म्हणतो दुकान उघडं हाय, कुलूप म्हणतं न्हाई," तो वैतागून म्हणाला. "मी कुणाचं ऐकायचं, चाचा? पालीहून आलोय. भारत माझं नाव. हरभऱ्याला पाणी द्यायचं राहिलंय."

"नाना, फोन बघून आलेत हे," तरन्नुम म्हणाली. "मी जिंकले."

"गिऱ्हाईक आलं, पण कुलपाकडं आलं," नाना म्हणाले. "तुझा फोन खोटं बोलला."

तरन्नुमने भारतच्या फोनवरचा सातचा आकडा पाहिला. मग हळूच म्हणाली, "फोन न्हाई, मीच खोटं बोलले. मी मे महिन्यातली मगरिब लिहिली."

दिवाळीत सूर्य सहाच्या आतच मावळतो. सात हा आकडा जागचा हलत नाही, मगरिब मात्र सूर्याबरोबर सरकते. गंमत अशी, की कोणत्या गावात आज सूर्य कधी मावळणार, हे कॉम्प्युटरला आधीच ठाऊक असतं. मगरिबचा त्याच्याशी काय संबंध, हे तेवढं कुणी सांगितलेलं नव्हतं. खोलीतल्या त्या बिचाऱ्याला अर्थ कळतो तो असाच. सूर्य त्याला दिसत नाहीच, पण कशाचं कशाशी काय नातं आहे हे सांगितलं, की तो बरोबर वाट काढतो.

नानांनी कुलूप काढलं, मोटार आत घेतली आणि भारतसाठी चहा मागवला. "उद्या दुपारी घेऊन जा," ते त्याला म्हणाले. मग नातीकडे वळले. "पानावर सगळं खरं लिही. पुन्हा एकबी माणूस कुलपाकडं यायला नको. ते झालं, की पुढच्या मोटारीची पहिली तार तू भरायची."

तरन्नुमने तिथेच वही उघडली. 'दुकान बंद' लिहून बाण काढला मगरिबकडे, मगरिबपासून सूर्यास्ताकडे, सूर्यास्तापासून मांजरसुंब्याकडे. टीचर हे पानावर चढवायला मदत करणार होत्याच. मग तिची पेन्सिल थांबली. शुक्रवारी दुपारी नाना दुकान बंद करून मशिदीत जायचे, तिथे नमाजेबरोबर मौलानांचं प्रवचनही असायचं.

"नाना, जुम्म्याला दुपारी तुमी दुकान परत कधी उघडता?"

"मौलानांचं बयान संपल्यावर."

"ते कधी संपतं?"

"ते सूर्यालाबी म्हाईत न्हाई, बेटा."

भारतला चहाचा ठसका लागला. तरन्नुमने पेन्सिल कानावर खोचली, चपला घातल्या आणि ती मौलानांच्या घराकडे चालू लागली.