पालखी कोणी थांबवली?

शिमगा जवळ आला की पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत मुंबईचे चाकरमानी येतात, आणि त्यांच्या मोबाइलमधले मेसेजही येतात. यंदा मेसेज आधी पोचले. कुठल्याशा दूरच्या गावातल्या दंगलीचे होते. खरे की खोटे, कोणी विचारलं नाही. राग मात्र निघाला तो वाडीतल्या रंगूबाईवर!

सत्तरीच्या या एकट्या बाईचा गुन्हा एवढाच, की तिनं रस्त्याकडची खोली महाडच्या इस्माईल शिंप्याला भाड्यानं दिली होती. चार वर्षं तो तिथं मशीन चालवत होता, वेळप्रसंगी तिला दवाखान्यात नेत होता. कोणाला काही खटकलं नव्हतं. पण गावकीच्या सभेत मुंबईहून आलेला किशोर उठला. "काकी खोली खाली करून घेत नाय, तवर सोमजाई आयची पालखी तिच्या दारात जायची नाय. मंजूर?"

सगळे हात वर गेले. त्यात दत्तारामचाही होता. पालखीची पुढची दांडी तीस वर्षं याच दत्तारामच्या खांद्यावर. आणि ज्या दारात पालखी येत नाही, ते घर वाळीत पडलं असं आमच्याकडे समजतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी रंगूबाई त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"दत्तारामा, चाळीस वर्सं आयची ओटी भरली मी. या वर्सी काय करू रे?"

"त्या शिंप्याला काढ ना गो काकी. मिटलं मग."

"कशापायी काढू? त्यानं काय केलंय, ते सांग."

ती गेली, पण दत्तारामला जेवण गोड लागेना. शेवटी तो बौद्धवाडीतल्या बुद्धरत्न गुरुजींकडे गेला. गुरुजींनीच त्याला चौथीपर्यंत शिकवलं होतं.

"गुरुजी, आमी तिला बोट पण लावलेलं नाय," तो म्हणाला.

"बोट न लावताही माणूस मारता येतो, दत्ताराम. दारावरून देव न्यायचा नाही, बोलायचं नाही, ही हिंसाच आहे. रक्त दिसत नाही, इतकंच. आमच्या आज्यापणज्यांना विचार."

"मग पालखी सोडू काय?"

"अरे, पालखी का सोडशील? मनापासून नाचव की! तुझा धर्म तुझा, इस्माईलचा त्याचा, माझा माझा. देशानं सगळ्यांना तेवढा हक्क दिलाय. वाळीत टाकणं तर कायद्यानं गुन्हा आहे. पण पोलिसांचं नंतर बघू. हात तू वर केलास ना? तो आधी तू खाली घे."

पालखीचा दिवस उजाडला. आपल्यामुळे काकीचं दार चुकू नये, म्हणून इस्माईल सकाळीच खोलीला कुलूप लावून महाडला निघून गेला होता. रंगूबाई ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"सामान आतच हाय त्याचं! पुढं चला!" किशोर ओरडला.

दत्तारामचे पाय थांबले. पालखी वाटेत जमिनीला टेकवत नाहीत, त्यामुळे पुढचा थांबला की सगळेच अडकतात. ढोल बंद पडले.

"आय अडली! आय अडली!" देवीनंच पालखी अडवली असं समजून गर्दीत गलका झाला. बायकांनी हात जोडले. दत्ताराम नुसता गप्प राहिला असता तरी भागलं असतं. पण तसल्या खोट्यावर त्याला रंगूबाईचं दार उघडायचं नव्हतं.

"नाय रे! आय काय बोललेली नाय! मी थांबलोय, मी! सभेत हात वर केला ती माझी चूक झाली. तो हात मी आज खाली घेतोय. मारायचं तर मारा, मी उलटा हात उचलायचा नाय. पण हे दार सोडून मी जाणार नाय!"

किशोरनं त्याला जोरात ढकललं. दत्तारामचा गुडघा लवला, खांदा मात्र हलला नाही.

तेवढ्यात रंगूबाई ताट बाजूला ठेवून तांब्या घेऊन खाली उतरली. पालखी आली की भोयांच्या पायांवर पाणी घालायची आमची रीत आहे. तिनं दत्तारामच्या पायांवर पाणी घातलं आणि मग ती किशोरसमोर वाकली.

किशोर दचकून मागं सरला. "काकी, माझ्या पायांवर नको."

"का रे? उन्हात अनवाणी तू पण चालतोयस. दारात आलेल्याला मी कोण कुठला ते विचारून पाणी घालत नाय."

किशोरची मान खाली गेली. ज्या बाईचं दार आपण बंद करायला निघालो, तीच आपले पाय धुवायला वाकलीय! त्याचे डोळे भरून आले. दत्तारामच्या बाजूला येऊन त्यानं दांडीला खांदा दिला.

"काकी, ओटी आण," तो म्हणाला. "आणि इस्माईलचा नंबर कोणाकडं हाय? जेवायच्या आधी परत ये म्हणावं त्याला."

पालखी वळली आणि रंगूबाईच्या अंगणात शिरली.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या वाड्यांत बातमी पसरली, की सोमजाईनं स्वतः पालखी अडवली. भेटेल त्याला दत्ताराम समजावत राहिला, "आयला कशाला मधी घालता? चूक आपण केली, ती निस्तरायची पण आपणच."

वाचकहो, अशा सभा आपल्याही गावात, आपल्याही सोसायटीत भरतात. तिथं सगळ्यांबरोबर चुकून हात वर गेला असेल, तर देवाच्या कौलाची वाट बघू नका. सगळ्यांदेखत तो खाली घ्या!