जरा लोड बघतो

काकूंनी पुन्हा तीच कमांड दिली, एंटर इतक्या जोरात दाबला की शेजारचा कप हलला, आणि पडद्यावर पुन्हा तेच चौदा ओळींचं रडगाणं उमटलं. दर ओळीत एक मशीन आणि पुढे त्याच्यावरचा लोड, म्हणजे कामाचा भार. एरवी वीस-पंचविसात असणारा आकडा आज सगळीकडे शंभराच्या वर गेला होता.

तसं त्यांचं वय काकू म्हणण्याचं नव्हतं. तळघरातली ती थंडगार खोली आणि अंगावरची कायमची शाल बघून कधीतरी कुणीतरी म्हणालं, ते चिकटलं. क्लस्टर सांभाळणं हे त्यांचं काम. चौदा मशिनं एकमेकांना जोडून केलेल्या त्या गाड्यावर साऱ्या संस्थेची गणितं चालायची, आणि तो अडला की साऱ्या संस्थेला काकूंचा नंबर आठवायचा.

फोन वाजलाच. विभागप्रमुख सर होते.

"अगं, सगळं ठप्प आहे. एकदा बंद करून परत चालू कर ना."

"सर, दाढीवाल्याचा रन शेवटच्या टप्प्यात आहे. बंद केलं तर गेला तो."

"त्याला दोनदा मुदत दिली मी. आज संध्याकाळी त्याचं क्लस्टरवरचं खातं बंद होतंय. त्याच्या एकट्यापायी बाकीच्यांनी काय हाताची घडी घालून बसायचं?"

"थोडा वेळ द्या मला."

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत," म्हणून सरांनी फोन ठेवला.

काकूंचं डोकं फिरलं. बंद करून चालू कर म्हणे! घरातला पंखा आहे का तो? दाढीवाला हा सरांचा पीएचडीचा विद्यार्थी, आणि त्याचं पाच वर्षांचं संशोधन या एका रनवर, एका लांबलचक सलग आकडेमोडीवर, अडलं होतं. अर्धवट रनचा उपयोग शून्य, आणि परत पहिल्यापासून सुरू करायला उद्या त्याच्याकडे खातंच नसणार. पोरगा पाच वर्षं राबून हात हलवत घरी जाणार.

बाकीच्यांची कामं त्यांनी रांगेतच थांबवली आणि एकेका मशीनमध्ये शिरून काय काय चाललंय ते बघायला लागल्या. खरी आकडेमोड अगदी थोडी होती. उरलेला सगळा एकाच चिमुकल्या प्रोग्रॅमचा बाजार होता. तो दर सेकंदाला लोड विचारायचा, निकालाची फाइल उघडून रन कुठवर आला ते बघायचा, आणि उत्तर यायला उशीर झाला की गप्प न बसता आणखी एक विचारणारा उभा करायचा. असे शेकडो जण प्रत्येक मशीनवर ताटकळत होते. मालकाचं नाव सगळीकडे एकच होतं.

काकूंनी त्याला खाली बोलावलं. दाढीवाला धापा टाकत आला तो उघडा लॅपटॉप हातात घेऊनच. चालतानाही त्याची नजर पडद्यावर होती.

"हे काय लावलंयस रे?"

"काही नाही काकू. जरा लोड बघतो."

"जरा? दर सेकंदाला? चौदाच्या चौदा मशीनवर?"

"रन हळू झाला, मग काळजी वाटायला लागली. म्हणून जास्त वेळा बघायला लागलो."

"मग?"

"मग आणखी हळू झाला. म्हणून मग..."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, तुझा रन निकाल लिहायला डिस्कपाशी जातो, तर तिथे त्याच्या पुढे तूच रांग लावून उभा! आणि तुझ्यामागे बाकीची सगळी संस्था!"

त्याला चांगलं झापायचं त्यांच्या मनात होतं, वाक्यंही तयार होती. पण त्याचा चेहरा असा काही उतरला की ती गिळावी लागली, आणि त्याचाही त्यांना वैतागच आला. त्यांनी ते सगळे विचारणारे एका दमात मारून टाकले, त्याच्या हातातला लॅपटॉप घेऊन मिटला आणि खोलीला कुलूप लावलं.

"चल, चहा पाज मला."

"आणि रन?"

"तो त्याचं काम करेल. आपण बघायचं नाही. तूही नाही आणि मीही नाही."

कँटीनच्या पायरीवर दोघं बसले. दाढीवाल्याचं बोट कपावर एंटर दाबत होतं. काकूंनी तिकडे बघायचं टाळलं, कारण त्यांच्याही बोटांना चैन नव्हती. चहा पिऊन झाला, दुसरा मागवला, तोही संपला. जेवणाची गर्दी सुरू झाली तसा फोन वाजला.

"अगं, मी आत्ता लोड बघितला," सर म्हणाले. "सगळीकडे शून्य! मेलं की काय सगळं?"

काकू उठल्या. रन पुरा झाला तरी शून्य, मधेच कोसळला तरी शून्यच. सरांचा आवाज दाढीवाल्यालाही ऐकू आला होता, त्याला हे सांगावं लागलं नाही. जिना उतरताना तो दोन पायऱ्या मागेच राहिला, आणि खोलीच्या दाराशी येऊन थांबला.

"तुम्हीच बघा," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

काकूंनी निकालाची फाइल उघडली आणि खाली, अगदी खाली गेल्या. रन पूर्ण झाल्याची ओळ तिथे होती. त्यांनी ती दोनदा वाचली. मग खुर्चीतून उठल्या, त्याला दंडाला धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं.

"घे, आता बघ. हवं तितक्या वेळा बघ."

शेवटची ओळ वाचून त्याने तोंडावर हात दाबून धरला. मग डोळे पुसून त्याने लोडची कमांड दिली. चौदा ओळी आल्या, चौदा शून्यं. त्याने परत दिली. सरांचा फोन वाजत होता, काकूंनी तो वाजू दिला.