दात माझे, चूक दुसऱ्याची

मी एक जुना टायमिंग बेल्ट आहे. जुना म्हणा, काढून टाकलेला म्हणा, माझी हरकत नाही. पण मित्रांनो, मला कुणी तुटलेला म्हणाले तर मी ऐकून घेणार नाही. मी शेवटपर्यंत तुटलो नाही. आणि ज्या चुकीचे खापर माझ्या डोक्यावर फुटले ती चूक माझी नव्हती. एवढे सांगण्यासाठीच तोंड उघडले आहे, नाहीतर आम्हा पट्ट्यांना बोलायची सवय नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलेले नसणार. गाडीचे टायर सगळे पाहतात, हॉर्न सगळे ऐकतात, सीटचे कापड कसे आहे यावर घरात मतभेद होतात. मी मात्र इंजिनाच्या कुशीला, झाकणाआड, अंधारात असतो. माझे काम सोपे करून सांगतो. इंजिनात खाली एक दात्यांचे चाक असते आणि वर एक. खालचे चाक इंजिनाच्या ताकदीने फिरते. वरचे चाक इंजिनाची दारे उघडते आणि मिटते. हवा आत येण्याचे दार आणि धूर बाहेर जाण्याचे दार. ही दारे नेमक्या क्षणी उघडावी लागतात, लवकर नाही आणि उशिरा नाही. ती वेळ मी सांभाळतो. माझ्या आतल्या अंगाला दात आहेत. ते दोन्ही चाकांच्या दात्यांत रुतवून मी एका चाकाला दुसऱ्याशी बांधून ठेवतो. धावता धावता मी तुटलो, तर आतले लोखंड एकमेकांवर आदळते आणि इंजिनाचा निकाल लागतो.

कारखान्यात मला घडवले तेव्हा माझ्या पोटात चिवट दोरे घातले, वर रबर चढवले आणि दातांवर विणलेले कापड बसवले. मला ताणून पाहिले, वाकवून पाहिले. मी कशालाच दाद दिली नाही. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी एका गॅरेजात पोहोचलो. मला वाटले, आता मला कुणीतरी मानाने जागेवर बसवेल.

बसवले ते असे. गॅरेजवाल्याचा एक हात माझ्यावर आणि दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. घराला कोणता रंग द्यायचा यावरून त्याचे मेहुण्याशी वाजले होते. बोलता बोलता त्याने मला खालच्या चाकावर चढवले, वरच्या चाकावर ओढले, आणि त्या ओढाताणीत वरचे चाक एक दात मागे सरकले. चाकांवर कंपनीने खुणा केलेल्या असतात, त्या जुळवून पाहायच्या असतात. त्याने पाहिल्या नाहीत. चावी फिरवली, इंजिन सुरू झाले.

"चालतंय ना? मग झालं तर!" असे म्हणून त्याने झाकण लावले.

चालत होते, मित्रांनो, आणि तेच वाईट होते. जास्त दात चुकले असते तर गाडी सुरूच झाली नसती आणि चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. एका दाताने चुकलेले इंजिन चालते, पण रडतखडत. सपाट रस्त्यावर बरे, चढ आला की धाप. दारे जरा उशिरा उघडायची, जरा उशिरा मिटायची. मला ते पहिल्या दिवसापासून कळत होते. पण मला जो दात दिला होता, तो मी सोडणार नव्हतो. दात सोडतो तो कसला पट्टा!

पहिला मालक गाडीच्या रडगाण्याला कंटाळला आणि त्याने ती विकली. आम्ही एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दाखल झालो. स्कूल म्हणजे एक बाई आणि एक गाडी. ती आईबरोबर राहायची. घराच्या पुढच्या खोलीत आईचे शिवणकाम चालायचे, मागच्या फरसबंद अंगणात गाडी उभी असायची. मी त्या दोघींना आई आणि लेक असेच म्हणत आलो. लेक शिकवण्यात पटाईत होती. शिकाऊ माणूस घाबरून ओरडला, "ताई, ब्रेक कुठाय?" की ती शांतपणे म्हणायची, "पायाला विचारा, मला नका विचारू."

सगळे ठीक होते, फक्त चढाचे सोडून. वस्तीच्या टोकाला पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक उभा रस्ता होता. तिथे गाडी थांबवून पुन्हा वर न्यायला शिकवावे लागे. शिकाऊ माणसे तिथे हमखास अडकायची. गाडी गुरगुरायची, थरथरायची आणि मान टाकायची. लेकीने ही गाडी घेतल्यापासून अशीच पाहिली होती. त्यामुळे ती म्हणायची, "काय करणार, इंजिनच आळशी आहे हो." आळशी! मी आत जिवाच्या आकांताने धावत होतो आणि बाहेर मला हे ऐकावे लागत होते.

आईचा धाकटा भाऊ अधूनमधून यायचा. या मामांनी तरुणपणी ट्रक चालवला होता. त्यामुळे जगातल्या प्रत्येक इंजिनावर बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांना वाटे. ते बॉनेटवर टिचकी मारून म्हणायचे, "आक्का, माल मेलाय. भंगारात घाला."

मग एक दिवस तपासणी अधिकारी आले. ड्रायव्हिंग स्कूलची परवानगी चालू ठेवायची तर गाडी त्यांच्यासमोर चढावर थांबवून पुन्हा वर न्यायची होती. लेक स्वतः गाडी चालवायला बसली. तरी गाडीने मान टाकलीच. साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "बाई, शिकवायच्या गाडीलाच धाप लागते, मग शिकणाऱ्यांनी काय करायचं? सोमवारी परत येतो. गाडी अशीच असली तर परवानगी रद्द."

लेक तशीच एका गॅरेजात गेली. तिथल्या माणसाने बॉनेटही न उघडता सांगितले, "इंजिन गेलंय. दुसरं बसवा."

"न उघडता कसं कळलं?"

"अनुभवानं."

"बरं. मग थोडा अनुभव मी पण घेऊन बघते," असे म्हणून ती गाडी घेऊन घरी आली. ती बाई मला त्या क्षणी आवडली. अंगणात गाडी लावून तिने आईला हाक मारली. "आई, माझी गाडी मीच उघडणार. पट्टा म्हातारा झालाय, बदलायची मुदतही उलटून गेलीय. तोच ढिला पडला असणार, म्हणून गाडी ओढत नाही."

मुदत उलटली हे खरे होते. माझ्या पाठीवर बारीक भेगा पडल्या होत्या. पण ढिला? मी? राग आला, मित्रांनो, खूप राग आला. पण ती निदान झाकण उघडायला निघाली होती, म्हणून गिळला.

तिने नवा पट्टा विकत आणला आणि रविवारी सकाळी काम सुरू झाले. लेकीने गाडी जॅकवर घेतली, पुढचे चाक काढले, इंजिनाखाली लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला. खालच्या चाकापुढे बसवलेल्या पुलीचा बोल्ट काही केल्या सुटेना. पाना लावला, पान्यात लांब पाइप घातला, तरी बोल्ट ढिम्म हलेना आणि इंजिनच फिरू लागे. तेव्हा इंजिन फिरू नये म्हणून तिने गाडी वरच्या गिअरात टाकली आणि आईला ब्रेकवर बसवले.

"आई, दाब. जोरात दाब."

"अगं, जन्मभर मशीनच दाबतेय. मला नको शिकवूस."

मामा दारात हाताची घडी घालून उभे होते. "आक्का, बायकांचं काम नाही हे."

"मग तू ये ना, बस खाली," आई म्हणाली. "का नुसतंच तोंडानं ओढणार गाडी?"

कडाड आवाज झाला आणि बोल्ट सुटला. झाकणे निघाली. इतक्या काळानंतर माझ्या अंगावर ऊन पडले.

आता खरी गोष्ट ऐका. कंपनीच्या खुणा ग्रीस आणि धुळीच्या थराखाली गडप झाल्या होत्या. आईने वाकून पाहिले आणि तिला एक युक्ती सुचली. ती शिंप्याची युक्ती होती. नवा शर्ट शिवायचा तर मापाचा जुना शर्ट ठेवायचा आणि त्यावरून खुणा करायच्या. ती कापडावर आखायचा खडू घेऊन आली. "खुणा कशाला शोधतेस? हा बसलाय ना नीट? याच्यावरच खडू मार. दोन्ही चाकांवर मार. मग जुन्यावरनं नवा बेतू."

लेकीला ते पटले. खडूच्या रेघा मारून तिने मला सोडवले आणि आईच्या कटिंगच्या टेबलावर नेले. कात्री बाजूला सारून आईने मला नव्या पट्ट्याशेजारी मांडले. दात मोजत मोजत माझ्यावरच्या रेघा तिने त्याच्यावर उतरवल्या. माझ्या दातांवर बोट फिरवून ती म्हणाली, "अगं, याला तर आतून कापड लावलंय! आणि कुठं उसवलेलं नाही बघ." आयुष्यातली माझी पहिली स्तुती ती. मला ती गोड लागली नाही. कारण त्या दोघी माझ्या अंगावरून दुसऱ्याची चूक उतरवून घेत होत्या, आणि पट्ट्याला ओरडता येत नाही.

नवा पट्टा बसला. लेकीने पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहिले, कुठे काही अडले नाही. दुपारी गाडी जॅकवरून खाली आली. मला पान्यांबरोबर डिकीत टाकले आणि सगळे चढावर निघाले. मामाही मागच्या सीटवर बसले. अर्ध्या चढावर लेकीने गाडी थांबवली, पुन्हा सोडली. गाडी गुरगुरली, थरथरली आणि बंद पडली.

मागून मामा म्हणाले, "मी सांगितलं होतं."

लेक स्टिअरिंगवर डोके टेकून रडली. "आई, मला दुसरं काही येत नाही गं. हेच येतं. शिकवणं गेलं तर मी काय करू?"

घरी परतल्यावर आईने मशीनवरचे अर्धे काम पुढे ओढले, एक शिवण घातली आणि एकदम पाय थांबवला. "पोरी," ती म्हणाली, "एकदा एका गिऱ्हाइकानं मापाला शर्ट दिला होता. मी हुबेहूब शिवला. त्याचा उजवा खांदा उतरलेला निघाला. का माहितेय? मापाच्या शर्टाचाच खांदा उतरलेला होता. मी ती खोटसुद्धा मापानं शिवली होती."

लेकीने मान वर केली. "म्हणजे जुना पट्टाच चुकीचा बसवलेला होता?"

"ते मला काय ठाऊक? पण आपण त्याला न तपासता माप मानलं. चल, उघड परत."

बोल्ट पुन्हा सुटला. या वेळी आईने शिवणकामातल्या चिंध्यांचा गठ्ठाच आणला. दोघींनी चाके पुसून पुसून लख्ख केली. ग्रीसखालून कंपनीच्या खुणा वर आल्या, चाकांवर ठिपके आणि त्यांच्यासमोर इंजिनाच्या अंगावर रेघा. लेकीने खालच्या चाकाचा ठिपका त्याच्या रेघेसमोर आणला आणि वर पाहिले. वरच्या चाकाचा ठिपका त्याच्या रेघेच्या मागे होता. फक्त एक दात मागे.

"आई," लेक म्हणाली, "ही गाडी आळशी नाही. हिला कुणीतरी लंगडी बसवलीय." तिचा आवाज रागाने कापत होता. तो राग माझाही होता, आणि तो कुणीतरी मोठ्याने बोलले याचे मला फार बरे वाटले.

तिने नवा पट्टा सोडला, ठिपके रेघांवर आणले, पट्टा परत चढवला, ताण दिला. हाताने इंजिन फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या, मग आईलाही पाहायला लावल्या. ऊन कलले तेव्हा झाकण लागले. चावी फिरवली आणि इंजिनाचा आवाज ऐकून मामा दारातून दोन पावले पुढे आले.

सोमवारी साहेब आले. मी डिकीतच होतो. अर्ध्या चढावर गाडी थांबली. मग लेकीने क्लच सोडला आणि गाडी अशी उसळली की पाने, पकडी, जॅक सगळे घरंगळत माझ्या अंगावर आले. त्या ढिगाखाली दबून मी ते इंजिन ऐकत होतो. ज्याच्याबरोबर मी सारे आयुष्य धापा टाकत धावलो, ते इंजिन आज एका दमात टाकीपर्यंत चढले. मला आनंद झाला आणि वाईटही वाटले. मला ही धाव कधीच मिळाली नव्हती, आणि त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

"इंजिन नवीन टाकलंत?" साहेबांनी विचारले.

"नाही साहेब. एक दात पुढे घेतला."

"बस?"

"बस."

परवानगी कायम राहिली. घरी डिकी उघडताना मामांनी मला उचलले. "म्हणजे सगळी चूक या पट्ट्याची होती तर!"

लेकीने मला त्यांच्या हातातून काढून घेतले. "नाही मामा. यानं काही चुकवलं नाही. ज्या दातावर बसवला, त्या दातावर मरेपर्यंत राहिला. चूक बसवणाऱ्याची होती. आणि नीट न बघता आळशी म्हणणारी मीच होते."

मित्रांनो, मला हार घालू नका, कपाटात मांडून ठेवू नका. माझे आयुष्य झाले, मी भंगारात जायला तयार आहे. पण झाकणाआड आता दुसरा धावतो आहे, आणि तो दिसत नाही म्हणून त्याला विसरू नका. मुदत भरली की तो तुटायची वाट न पाहता त्याला बाहेर काढा. आणि तुमची गाडी कधी चढावर अडली, तर त्याला नावे ठेवण्याआधी झाकण उघडा, हात काळे करा, खुणा बघा. न बघता त्याला आळशी म्हणालात, तर गाठ माझ्याशी आहे.