सरुबाईच्या पाख्याचं पाणी

पावसाच्या पाण्याची टाकी भरली की आपल्या पदरात काय पडणार, याचा हिशेब कोंडाजीनं ज्येष्ठातच मनाशी मांडून ठेवला होता. बायकोची, अंबूबाईची, घागर सुटणार होती. खुब्यात सळई घातल्यापासून ती भिंतीला धरून चालायची, आणि कोंडाजी दिवसभर पवनेकाठच्या एका बंगल्यावर राखणीला. वाफ्यांना पाणी घालायचं ते तिनंच. म्हणजे वालपापडीही जगणार होती आणि बायकोही. शिवाय पाण्यासाठी वरच्या अंगाला राहणाऱ्या भावजयीपुढं तोंड वेंगाडावं लागणार नव्हतं. विचारलं असतं, तर यातला बायकोचा फायदा सगळ्यांत मोठा, असं त्यानं सांगितलं असतं. पण माणूस टाकी कुठं बसवतो त्यावरनं खरं काय ते कळतं.

बेडशात डोंगराच्या पोटाशी घरं पायऱ्यांसारखी चढत जातात. खाली कोंडाजीचं घर, त्याच्या पाठीमागं एक टप्पा वर अंबूबाईचे वाफे, आणि वाफ्यांच्याही वर त्याच्या धाकट्या भावाचं, हौशीरामचं घर. हौशीराम वारला होता; तिथं त्याची बायको सरुबाई एकटीच राहायची. वाफ्यांना आपसूक पाणी मिळायचं तर टाकी त्यांच्या वर हवी, म्हणजे सरुबाईच्या छपराच्या पाख्यापाशी. कोंडाजीला हे कळत नव्हतं असं नाही. त्यानं कामशेतहून काळी टाकी आणली, आपल्याच पत्र्याला पन्हळ ठोकली, टाकीच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलं आणि ती आपल्या अंगणात, खाली बसवली.

"पानी वर चढंल व्हय?" अंबूबाईनं विचारलं.

"चढवू की."

"कोन चढवनार? मीच ना?"

"आगं, हिरीपरीस जवळ हाय."

"लय उपकार झालं."

मावळातल्या पावसाला टाकी भरायला कितीसा वेळ? आषाढात ती भरून वाहू लागली. कोंडाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचा. लेणी बघायला निघालेल्या पुण्याच्या पोरांनाही त्यानं सोडलं नाही. मग भाद्रपदात पावसानं दडी मारली आणि वेल माना टाकू लागले.

एका सकाळी घागर दगडी पायऱ्यांवर आपटल्याचा आवाज आला. अंबूबाई पडली नव्हती, नुसती मधल्या पायरीवर बसली होती. सांडलेलं पाणी तिच्या लुगड्याखालून खाली येत कोंडाजीच्या पायाशी पोचलं.

"आता न्हाई व्हत माज्यानं," ती म्हणाली. "येल सोडून द्या."

ती कडाकडा भांडली असती तर कोंडाजीनं दोन शब्द तिला ऐकवले असते आणि कामावर गेला असता. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. वर गेला.

थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत गावातून कधीच उठली होती. सरुबाईनं तेवढी जपली होती. तिला ती सोयीची होती. तिनं पदर पुढं ओढला आणि ओट्यावरच्या कोंबडीला म्हणाली, "कोंबडे, पावनं कसं वाट चुकलं, इचार की."

"पाख्याचं पानी पायजे," कोंडाजी म्हणाला. तोही कोंबडीकडंच बघत होता.

"अगं बया! ह्याच पान्यानं बांध फुटत व्हता न्हवं?"

हौशीरामच्या घराच्या छपराचा उतार डोंगराकडं होता. पागोळ्यांचं पाणी डोंगर आणि भिंत यांच्यामध्ये साठायचं. ते पाइपानं वाफ्यांच्या कडेनं ओढ्यात सोडू दे, एवढंच हौशीरामनं जिवंतपणी कोंडाजीकडं मागितलं होतं. बांध फुटंल, माझ्या हद्दीतून थेंब जायचा नाही, असं म्हणत कोंडाजीनं गावातली दोन वडीलधारी माणसं आणून बसवली आणि आपलं म्हणणं खरं केलं. हौशीरामनं पुन्हा विषय काढला नाही. पाणी दर पावसाळ्यात भिंतीमागं उभं राहिलं.

सरुबाई उठून आत गेली. कोंडाजी मागोमाग. स्वयंपाकघराची मागची भिंत छातीपर्यंत हिरवी पडली होती, गिलावा सुटला होता. त्यानं तळवा टेकवला. पावसाचा थेंब नसताना तळवा ओला झाला.

"हितं त्येंची खाट व्हती, भावजी," सरुबाई म्हणाली. कोंबडी बाहेर राहिली होती. "दुसरीकडं टाकाया जागाच न्हाई. दमा बसल्या जागी वाढत गेला."

कोंडाजीनं हात भिंतीवरून काढला नाही. काढून ठेवायचा कुठं, हेच त्याला कळेना.

चुलीवरच्या बाजूला आढ्याला टांगलेल्या वलणीवर तिची लुगडी वाळत होती. एकेक काढून तिनं खांद्यावर घेतली. लुगड्यांखालून वलणीचा दांडा उघडा पडला; तो काळा पाइप होता.

"ह्यो न्या. त्येंनी तवाच आनला व्हता. दादा व्हय म्हनतील, असं वाटलं व्हतं त्येन्ला."

कोंडाजीनं टाकीची तोटी सोडली. आषाढापासून मिरवलेलं पाणी अंगणातून वाहून गेलं. रिकामी टाकी डोक्यावर घेऊन तो पायऱ्या चढू लागला, तेव्हा शेजारचा हनुमंत ओरडला, "कोंडाजीभाऊ, टाकी लेणी बघाया निगाली काय?" एरवी कोंडाजीनं त्याच्या बापापर्यंत जाऊन उत्तर दिलं असतं.

डोंगराकडच्या पाख्याला पन्हळ बसली, पाइप कोपऱ्यावरून वळून पुढं आला, आणि हौशीरामला नाकारलेल्या हद्दीच्या त्याच पट्टीवर दगडांचा ओटा रचून टाकी बसली. परतीच्या पावसात ती भरली. मग अंबूबाईनं बसल्या जागेवरून तोटी फिरवली. भोकं पाडलेल्या नळ्यांतून पाणी वेलांच्या बुडाशी झिरपलं आणि बांध जागचा हलला नाही. अंबूबाई ते बघत राहिली. वर भिंतीमागं त्या पावसात पाणी साठलं नव्हतं, पण आतली ओल हटायला अजून किती उन्हाळे जाणार होते, कोण जाणे.

वालपापडीचा पहिला तोडा झाला तो अंबूबाईनं निम्मा सरुबाईच्या पदरात घातला. दोघी जावा पायरीवर बसून शेंगांच्या शिरा काढत होत्या. कोंडाजी उभा होता.

पाणी आभाळाचं होतं. पाखं सरुबाईचं, आणि ओल्या भिंतीशी काढलेले पावसाळेही तिचेच. पायऱ्या अंबूबाईच्या खुब्यानं चढल्या. पाइप हौशीरामचा, श्वासही त्याचाच गेला. कोंडाजीनं दिली ती नुसती परवानगी. तीही मागणारा गेल्यावर.