नाळेच्या वाटेवर राहिलेली पिशवी

माझी लांबी दोन इंच, जाडी अलकाच्या करंगळीएवढी. तिच्या लहान आतड्याच्या शेवटाकडे, भिंतीला बाहेरून मी लोंबते. मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. सात वर्षांच्या अलकाच्या जन्माआधीपासूनची.

बाळ आईच्या पोटात अगदी इवलेसे असते, तेव्हा त्याच्या आतड्यापासून बेंबीकडे एक नळी जाते. तिचे काम संपले की ती विरून जाते. अलकाची पूर्ण विरली नाही. जी उरली, ती मी. म्हातारपणी मोठ्या आतड्याला कमजोर जागी फुगवटे येतात, त्या पिशव्या मागून झालेल्या. मी जन्मजात.

माझ्यासारख्या बहुतेक पिशव्या जन्मभर गुपचूप राहतात. माझ्या अस्तरात मात्र जठराचा थोडा भाग चुकून आला आहे. तो आम्ल सोडतो, शेजारची भिंत सोलवटते आणि शौचावाटे रक्त जाते. पोट दुखत नाही, म्हणून शाहपूर गावात घरच्यांनी मूळव्याध ठरवली आणि अलकाला सुरण खाऊ घातले. पोरगी पांढरीफटक पडत गेली.

शहरातल्या बुधवारा पेठेतल्या डॉक्टर निर्मलाबाईंना माझी शंका आली. खात्री पोट उघडल्यावरच होईल, पण थांबू नका, असे त्यांनी बजावले. घरात शब्द आजीचा, सोजरबाईंचा. त्या म्हणत राहिल्या, केळीची कापणी होऊ द्या.

आज पुन्हा रक्त गेले. सगळे दवाखान्यात आले.

"जन्माची चीज हाये," सोजरबाई म्हणाल्या. "मागून झालेली असती तर काढली असती. देवानं दिलेली कायले काढावी?"

"माय, आपल्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळले गेली," अलकाचे वडील गिरधर वैतागले, "पण तुझ्या तोंडातून हो काही निघत नाही!"

निर्मलाबाईंनी शांतपणे विचारले, "आजी, अलकाची नाळ कोणी कापली?"

"मीच. गोठ्यामागं पुरली."

"तीही देवानंच दिलेली. ही पिशवी त्याच वाटेवरची. तेवढी आत राहून गेली."

मित्रांनो, रक्त दिसले तर लाजून लपवू नका, लगेच सांगा. मला जाण्याचे दुःख नाही. ज्या पोरीबरोबर वाढले, तिलाच मी पोखरत होते. यातून सुटायचे होते मला.

सोजरबाईंनी अलकाची पांढऱ्या नखांची बोटे आपल्या हातात धरली.

"मंग माझंच काम राहिलं म्हना ते," त्या म्हणाल्या. "कापा, बाई."