एकशे वीस, ऐंशी

“मावशी, फळ्याकडे बघा. वहीत काय शोधताय?” बाकावर शेजारी बसलेल्या नोएलियाने कोपराने ढोसलं.

एर्मिनियाने वर पाहिलं. सेहेचाळिसाव्या वर्षी, विशीतल्या पोरांच्या बाकावर ती जीवसांख्यिकीच्या तासाला बसत होती, तीही तिसऱ्यांदा. दोनदा नापास झाली होती. एकोणीस वर्षं नदीकाठच्या आरोग्य केंद्रात सहायक नर्स म्हणून काढल्यावर आरोग्य खात्याने पदवी मागितली. तेव्हापासून दर शनिवारी पहाटेच्या लाँचने ती कन्सेप्सियोन शहरातल्या कॉलेजात येई.

डॉक्टर विल्यासान्ती आज स्वतःचाच अभ्यास शिकवत होते. नदीकाठच्या सहा केंद्रांतल्या गरोदर बायकांचे रक्तदाब.

“बघा, किती एकसारखे आकडे! एकशे वीस, ऐंशी. नदीवरच्या बायका आपल्यापेक्षा ठणठणीत आहेत.”

नोएलियाने हात वर केला. “सर, सगळे आकडे शून्यावरच कसे संपतात? असं दिसलं की संशय घ्यायचा, असं तुम्हीच सांगितलंत.”

“अगं, नर्सबाई आळशी असतात. एकशे सतरा लिहायचा कंटाळा. जवळचा आकडा ठोकून देतात.”

वर्ग हसला. एर्मिनिया फळ्यावरच्या तक्त्यातल्या चौथ्या रकान्याकडे बघत राहिली. तो तिच्या केंद्राचा होता.

सात महिने तिथलं बीपीचं मशीन मोडलेलं होतं. तिने तीन अर्ज केले. वरून निरोप आला, मशीन येईल तेव्हा येईल, रकाना रिकामा दिसता कामा नये. तिने तो भरला. पहिल्या दिवशी हात अडखळला, मग अडखळेनासा झाला. दियोलिंदाच्या कार्डावरही तिने तीनदा हेच लिहिलं. एकोणीस वर्षांची पोर, आठवा महिना. पाय सुजलेत म्हणत होती, डोकं ठणकतं म्हणत होती; दाब चढल्याचीच लक्षणं. शहराकडे नेताना होडीतच तिला झटके आले. पोटातल्या बाळासकट गेली.

तास संपल्यावर एर्मिनियाने सरांना व्हरांड्यात गाठलं. ते नळीने तेरेरेचा थंड काढा पीत उभे होते.

“सर, चौथा रकाना माझा आहे. ते आकडे मोजलेले नाहीत. मशीन बंद होतं, मी मनाने लिहिलेत.”

त्यांनी तोंडातली नळी काढली. “कुणाला बोललात?”

“नाही. पण त्यातली एक बाई गेली, सर. तुमच्या अभ्यासात ती ठणठणीत आहे.”

“बाई, अभ्यास छापून आलाय. त्याच्याच आधारावर खात्याने तिकडची दाबाची औषधं कमी केलीत.”

केंद्रात औषधांची पेटी हल्ली अर्धीच का येते, हे तिला आज कळलं.

“तोंड उघडलंत तर चौकशी कुणाची होईल?” ते हळू आवाजात म्हणाले. “मी तर तुम्ही पाठवलेलेच आकडे वापरले. पुढच्या शनिवारी पेपर आहे. हाच तक्ता येणार. तिसरी वेळ ना तुमची? यानंतर नाव कटतं.”

पेपरात तोच तक्ता आला. ‘निष्कर्ष लिहा.’ तिने ‘दियोलिंदा’ लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, नदीकाठी उच्च रक्तदाबाचं प्रमाण नगण्य आहे.

निकाल लागला, तिला ब्याण्णव मिळाले. नोएलियाने शून्यांवर अर्धं पान लिहिलं होतं, तिला पंचावन्न.

“मावशी, माझं कुठं चुकलं, ते तरी समजावून सांगा ना.”

एर्मिनियाला लाँच गाठायची होती.

सोमवारी दियोलिंदाची आई, पास्तोराकाकू, धाकट्या मुलीला घेऊन केंद्रात आली. धाकटीला सातवा महिना लागला होता.

“पास झालीस म्हणे! आता शिकलेल्या हाताने तपास हिला.”

अखेर आलेल्या नवीन मशीनवर एर्मिनियाने दोनदा मोजलं. एकशे बावन्न, शंभर. कपाट उघडलं. दाबाच्या गोळ्यांचा खण रिकामा होता. तिने केंद्राला कुलूप लावलं आणि त्या दोघींबरोबर शहराकडे जाणाऱ्या लाँचमध्ये बसली.

गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, “काकू, दियोलिंदाच्या कार्डावर मी जे आकडे लिहिले होते ना...”

“मला कुठं वाचता येतं, बाई,” पास्तोराकाकू म्हणाली. “पण कार्ड जपून ठेवलंय मी. तुझं अक्षर फार छान आहे.”

तिने धाकटीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि ऊन लागू नये म्हणून तिच्यावर पदर धरावा तशी आपली शाल धरली. एर्मिनियाने शालीचं दुसरं टोक धरलं.